निळ्या ड्रिलचा तिसरा जोड

ज्ञानबा,

आफ्रिकेच्या जंगलात जाणाऱ्या माणसाने अंगात काय घालावं आणि सोबत काय न्यावं, हे आता मला सगळं ठाऊक झालं आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा का, टोपीचा काठ रुंद का, बूट नवेकोरे का नकोत, लोकरीचं काय काम. एकेका गोष्टीचं कारण मी विचारून घेतलं. विचारलं तेव्हा तू दवाखान्यातल्या खाटेवर डोळे मिटून पडला होतास. तू गेल्याला आज एकवीस दिवस झाले. मी शिंपी माणूस, लिहिण्याची सवय फक्त मापाच्या वहीपुरती. पण तुझ्याशी बोलायचं राहिलं आहे आणि दुसरी सोय नाही.

मुंबई-पुणे रस्त्यावर चिंचवडला तुझं गॅरेज आणि त्याला लागून माझं दुकान. आठ वर्षं. तू चाकणकडचा, मी नगर जिल्ह्यातून पोट भरायला आलेला. दुपारी हात रॉकेलने धुऊन तू यायचास, पण आत कधी पाऊल टाकलं नाहीस. उंबऱ्यावर बसायचास. 'गिऱ्हाइकाच्या कापडाला माजा हात नगं,' म्हणायचास. मला 'मास्तर' म्हणायचास आणि तरी 'तू' म्हणायचास. चालू ट्रकच्या बॉनेटला कान लावून त्याला काय झालंय ते सांगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. तुझ्या ह्या कानामुळेच तुला आफ्रिकेचं बोलावणं आलं.

पुण्याचे ते बांधकामाचे ठेकेदार. तू त्यांना नुसतं 'साहेब' म्हणायचास, मीही तेवढंच म्हणतो. त्यांना शिकारीला टांगानिकात जायचं होतं आणि स्वतःची जीप बोटीने न्यायची होती. परक्या मुलखात जीप बंद पडली तर काय, म्हणून बरोबर तू. साहेबांना तिकडून इंग्रजीत एक कागद आला होता, काय काय आणावं त्याचा. त्यांच्या कारकुनाने तुझ्यासाठी तो मराठीत उतरवला आणि तू तो चार घड्या घालून टोपीत ठेवून माझ्याकडे आलास.

'मास्तर, वाच. येवढं सगळं माज्या लग्नात बी न्हवतं घेतलं.'

आपण तो वाचला आणि लगेच भांडायला लागलो. कागदावर लोकरी बंडी होती. तू हसलास. 'आफ्रिकेत थंडी? तितं मानसं करपून काळी झाल्यात म्हनं.' मी म्हणालो, लिहिलंय तर उगीच लिहिलं नसेल, उंचावरचा मुलूख आहे, पहाटे गारठा असेल. तुझ्या घरी गोदावहिनींनीही माझी बाजू घेतली आणि तुझ्यासाठी स्वतःची शाल काढून ठेवली. मग बुटांवरून भांडलो. घोट्याच्या वर येणारे बूट, तेही पायात मऊ झालेले, असं लिहिलं होतं. साहेबांनी दिलेले बूट तर करकरीत. मी तुला महिनाभर ते घालून चिंचवडभर हिंडायला लावलं. ट्रकखाली झोपून काम करताना तुझे नुसते बूट बाहेर दिसायचे आणि रस्त्याने जाणारे ओरडायचे, 'ओ साहेब, उठा, चहा आलाय!' तुला फोड आले, तू मला शिव्या दिल्यास, आणि मग बूट मऊ झाले.

पत्र्याची ट्रंक नको, कापडी पिशवी आणा, असंही होतं. तुझी ट्रंक नवी होती, तुला ती मिरवायची होती. मी लष्करी लिलावातलं जुनं तंबूचं कापड आणलं, दोन सुया मोडल्या, आणि तुला खांद्यावर टाकता येईल अशी लांब पिशवी शिवली. तू ती उलटसुलट करून पाहिलीस आणि म्हणालास, 'ह्यात तर मी बी मावंन.' तेव्हा मी हसलो.

आणि मग रंग. कागदावर लिहिलं होतं, खाकी किंवा मातकट रंगाचे तीन जोड. पांढरं नको. काळं आणि गडद निळं मुळीच नको. कारण लिहिलेलं नव्हतं. बंडीचं कारण लिहिलेलं नव्हतं, बुटांचं नव्हतं, तसं ह्याचंही नव्हतं. साहेबांनी पाठवलेल्या खाकी ड्रिलच्या कापडात दोनच जोड बसत होते. कितीही काटकसरीने बेतलं तरी तिसरा निघेना. तेव्हा मी पिंपरीच्या कारखान्यातल्या कामगारांचे कपडे शिवत होतो, आणि त्यातलं गडद निळं ड्रिल माझ्याकडे होतं. चांगलं, जाड, न विटणारं. मी तुला म्हणालो, तिसरा जोड माझ्याकडून.

ते बोलणं मला अजून शब्दन् शब्द आठवतं. तू उंबऱ्यावर बसून बशीतला चहा फुंकत होतास.

'पर मास्तर, कागदावर निळं नगं म्हनलंय न्हवं?'

'ते शिकाऱ्यांसाठी. जनावराला दिसू नये म्हणून. तू काय बंदूक घेऊन वाघापुढे उभा राहणार आहेस?'

'तितं वाघ नस्त्यात.'

'जे असेल ते. तू जीपखाली असणार. खाकीवर ग्रीस पडलं की तो सदरा संपला. निळ्यावर काही दिसत नाही.'

तू बशीतला चहा संपवलास. मग म्हणालास, 'व्हय, त्ये बी खरंच.' मी कापड टेबलावर पसरलं. जिथे कारण दिसत नव्हतं तिथे मी स्वतःच एक कारण बनवून ठेवलं होतं, आणि ते मला इतकं पटलं होतं की कुणाला विचारावं हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

तो जोड मी फार मन लावून शिवला, ज्ञानबा. सगळीकडे दुहेरी टीप. पाने-पकडी ठेवायला मांडीवर लांब खिसा. बाह्यांना बटणं, म्हणजे काम करताना वर सारून अडकवता येतील. खाकीचे दोन जोडही शिवले, पण खरा जीव निळ्यात ओतला, कारण ते माझं देणं होतं.

तू गेलास. बोटीने मोंबासा, तिथून पुढे. सव्वा महिन्याने तुझं पत्र आलं. वहिनींना वाचता येत नाही, म्हणून त्या दुकानात आल्या आणि मी वाचून दाखवलं. तुझी चौथीपर्यंतची अक्षरं, ओळी खाली उतरत गेलेल्या. पहाटे दात वाजतात, मास्तराला सांग बंडी कामी आली. जिराफ झाडावरून मान काढून आपल्याकडे सासूसारखा बघतो. जीप दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा चालू केली. आणि शेवटी: 'हितं एक माशी हाय. कापडातनं चावती. जीपच्या मागं लागती. बाकीच्यास्नी कमी, मलाच जास्त धरती. साहेब म्हनतो ज्ञानबा तुजं रगत ग्वाड हाय.'

हे वाचून मी आणि वहिनी हसलो. खूप हसलो. वहिनी तोंडावर पदर घेऊन म्हणाल्या, 'ग्वाड कसलं, चाच्या साखरंनं झालं आसंल.' त्या हसण्याची मला आता जितकी लाज वाटते तितकी आयुष्यात कशाचीच वाटली नाही.

तू परत आलास तेव्हा वाळलेला होतास, पण खुशीत. साहेबांनी मारलेल्या जनावरांची वर्णनं चार दिवस चालली. मानेखाली पाठीवर गळू होऊन बसल्याची खूण दाखवलीस. बोटीवर ताप आला होता, गेला, म्हणालास. मग तो परत आला, परत गेला. गावातल्या डॉक्टरांनी हिवताप म्हणून कोयनेल दिलं. कुणीही तेच दिलं असतं.

मग तू बदललास. ट्रकखाली काम करता करता हातात पाना धरून झोपून जायचास. गिऱ्हाइकांवर खेकसायचास. इंजिनाला कान लावायचास आणि तसाच राहायचास, काहीच बोलायचा नाहीस. आणि एक दिवस तू माझ्या दुकानात आलास, पहिल्यांदाच उंबरा ओलांडून थेट आत. मी तुला म्हणालो, सदऱ्याची कॉलर फाटली आहे, काढून दे, उलटून लावतो. एवढंच. तू टेबलावरचं कापड मुठीत धरून ओढलंस, त्यावर काळे डाग पडले, आणि ओरडलास, 'तुज्या हातचं शिवल्यालं काय बी नगं मला! परत माज्या अंगाला टेप लावू नगंस!'

गिऱ्हाईक समोर होतं. मला ते फार लागलं. आठ वर्षांत तू असं कधी बोलला नव्हतास. मी मनात म्हणालो, परदेश पाहून आला, माज आलाय. आणि मी तुझ्याकडे यायचं बंद केलं. पंधरा दिवस. मधे फक्त एक भिंत होती. तुझ्या गॅरेजमधून हातोड्याचा आवाज येईनासा झाला होता, ते मला ऐकू येत होतं, म्हणजे ऐकू न येणं कळत होतं, आणि तरी मी गेलो नाही. पहिल्यांदा तू यावंस, असं मला वाटत होतं.

सोळाव्या दिवशी वहिनी आल्या. म्हणाल्या, 'मास्तर, त्येंच्यावर रुसू नका. त्ये दिवसभर उठत न्हाईत. घास तोंडात तसाच ऱ्हातो.'

पुण्याच्या दवाखान्यात नेलं. तिथले एक वयस्कर डॉक्टर लढाईच्या काळात पलटणीबरोबर आफ्रिकेत राहून आलेले होते. त्यांनी तुझ्या मानेमागच्या गाठी चाचपल्या, कुठे गेला होतास ते विचारलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. रक्त काढून भिंगाखाली पाहिलं. मग आम्हाला बाहेर बाकावर बसवून त्यांनी समजावून सांगितलं. तिथल्या एका माशीच्या चाव्यातून रक्तात किडा जातो. रक्तातून मेंदूत. माणूस झोपाळू होतो, त्याचा स्वभाव पालटतो, भलतंच बोलायला लागतो. सुरुवातीला औषध लागू पडतं. आता उशीर झाला आहे, तरी मुंबईहून मागवतो.

स्वभाव पालटतो. ते म्हणाले आणि मला माझे पंधरा दिवस दिसले.

मग त्यांनी विचारलं, 'तिकडे अंगात काय घालायचे हे?' मी म्हणालो, का? ते म्हणाले, 'ती माशी गडद रंगाकडे धावते. काळा, निळा. हलणारं गडद काही दिसलं की तिला जनावरच वाटतं. म्हणून तिथे सगळे खाकी घालतात.'

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीकडे पाहत राहिल्या. मी डॉक्टरांना एकेक विचारत सुटलो. पूर्ण बाह्या का? चावे कमी व्हावेत म्हणून, ऊन आणि काटे लागू नयेत म्हणून. बूट घोट्याच्या वर का? गवतातले किडे, साप. टोपी? पिशवी? त्यांना वाटलं असेल, हा माणूस वेडा आहे का, आत मित्र मरतोय आणि हा कपड्यांची चौकशी करतोय. ते भले होते, सगळ्याची उत्तरं दिली. शेवटी म्हणाले, 'खाकी घालूनही चावते हो. कुठला चावा भोवला ते कुणीच सांगू शकत नाही.' त्यांनी हे का सांगितलं कुणास ठाऊक. मी तर त्यांना काहीच कबूल केलं नव्हतं.

मला तुला ते निळ्याचं सांगायचं होतं. मुंबईहून औषध आलं, टोचलं, आणि मी तीन दिवस तुझ्या खाटेशी बसून राहिलो, तू जागा होशील आणि मी सांगेन म्हणून. तिसऱ्या दिवशी दुपारी तू डोळे उघडलेस. मला ओळखलंस. मी तुझा हात धरला आणि तोंड उघडलं, तेवढ्यात तू म्हणालास, 'मास्तर, जीप झाकली का रं? धुराळा बसंल.'

मी म्हणालो, 'झाकली.'

'ताडपत्री बांधली?'

'बांधली.'

तू परत झोपलास. पाचव्या दिवशी गेलास. साहेब येऊन गेले, फळांची करंडी ठेवून गेले. त्यांच्या तब्येतीला काहीच झालं नव्हतं.

तुला पवनेकाठी पोहोचवून आलो. तेराव्यापर्यंत मी वहिनींसमोर उभा राहायचं टाळत होतो. कामं करत होतो, माणसांना बोलावत होतो, पण त्या आल्या की उठून जात होतो. चौदाव्या दिवशी त्यांच्या भावाने त्यांना चाकणला न्यायचं ठरवलं. बैलगाडी जुंपून दारात उभी होती, तेव्हा मला राहवलं नाही. मी आत गेलो आणि म्हणालो, 'वहिनी, निळं मी दिलं. तो नको म्हणत होता. मीच गळ्यात घातलं.'

त्या भांडी बांधत होत्या. म्हणाल्या, 'ठावं हाय.'

'तो बोलला?'

त्या उठल्या आणि तुझी पिशवी उघडली. खाकीचे दोन्ही जोड बाहेर काढले. मी इस्त्री करून दिले होते तशाच घड्या. एकाचं तर गळ्याचं बटणसुद्धा काजातून निघालेलं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. तिथल्या एका ट्रक-ड्रायव्हरने तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, मोडक्या हिंदीत आणि खुणांनी, तुझा निळा सदरा धरून, हा काढ, माशी ह्याच्यावर येते. तुला माहीत होतं, ज्ञानबा. तुला सगळं माहीत होतं. पण तू खाकी पिशवीतून काढलेच नाहीस, निळाच धुऊन धुऊन घातलास. 'म्हनले,' वहिनी म्हणाल्या, 'मास्तरानं येवढं जीव लावून शिवल्यात, ग्रिसात कशाला घालू. गावच्या जत्रंला घालीन. माशीच हाय, चावंल न् जाईल. आन् मला बजावून ठिवलं, मास्तराला ह्यातलं काय सांगू नगंस. त्येला वाईट वाटंल.'

चार दिवस मी दुकान उघडलं नाही. मला तुझा राग आला होता. तुला खरं सांगतो, अजून आहे. मला वाईट वाटू नये म्हणून तू ते लपवलंस, तेव्हा तुला ताप होता, आणि तू तेव्हाच डॉक्टरांपुढे 'माश्या फार चावल्या' एवढं जरी बोलला असतास तरी कदाचित कुणाला काही सुचलं असतं. माझं मन राखायला कुणी सांगितलं होतं तुला? दोन खाकी सदरे. मी असे रोज शिवतो. फाटले असते, ग्रीसने बरबटले असते, मी नवे शिवले असते. मग राग उतरतो आणि दुकानातलं तुझं ओरडणं आठवतं. 'तुज्या हातचं काय बी नगं.' डॉक्टर म्हणाले तसा तो आजार बोलत होता, की तू इतके दिवस दाबून ठेवलेलं आजाराने मोकळं केलं? मी दोन्ही बाजूंनी विचार करतो. आजार होता असं धरलं, तर मी आजारी माणसावर पंधरा दिवस रुसलो. तू होतास असं धरलं, तर तुझं खरंच होतं. भांडण संपायला समोर माणूस लागतो, आणि तू निघून गेलास.

आणि तरी, त्या सगळ्याच्या तळाशी, एक गोष्ट आहे जी मला कुणापाशी बोलता येत नाही. माझ्या हातच्या कामाला आजवर कुणी इतकं मानलं नव्हतं. गिऱ्हाइकं कपडे घेऊन जातात, घालतात, फाडतात. तू ते घडी घालून समुद्रापलीकडून परत आणलेस. मला याचं बरं वाटतं, आणि बरं वाटतं म्हणून स्वतःची किळस येते.

वहिनी चाकणला गेल्या नाहीत. त्या दिवशी गाडीत बसल्या आणि परत उतरल्या. भावाला म्हणाल्या, पोटाला मिळवून खाईन. आता त्या माझ्या दुकानात काज-बटणं करतात. कोपऱ्यात, खिडकीच्या उजेडात बसतात. आम्ही कामापुरतं बोलतो. हात चांगला आहे त्यांचा, टाके सारखे येतात.

काल साहेबांचा कारकून आला. येत्या हिवाळ्यात साहेब पुन्हा जाणार आहेत. बरोबर तळेगावचा एक मेकॅनिक होता, तिशीचा, उंचापुरा, नव्या प्रवासाने फुललेला. हातात खाकी कापड आणि तसाच कागद. मी म्हणालो, हे काम मी करणार नाही. कारकुनाला वाटलं मला सवड नाही, तो दुसरा शिंपी विचारू लागला. तेव्हा कोपऱ्यातून वहिनी म्हणाल्या, 'मास्तर, घ्या. दुसरा काय सांगनार हाय त्येला?'

मी कापड मोजलं. तीन जोड निघत होते. मग त्या माणसाला बसवलं आणि कागदावरच्या एकेका गोष्टीचं कारण सांगितलं. बंडी, बूट, बाह्या. रंगापाशी आलो तेव्हा तुझं सांगितलं. पहिल्यापासून. निळं कुणी दिलं तेही सांगितलं. परत आल्यावर साधा ताप आला तरी माशी चावल्याचं आधी सांगायचं, कुणाला वाईट वाटेल याचा विचार करायचा नाही, हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. कारकून चुळबुळ करत होता. तो माणूस मात्र मान खाली घालून ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, 'ते तुमचे कोण होते?'

मी मोजलेल्या कापडाची घडी घालू लागलो. कुठल्या तोंडाने काय म्हणणार होतो.

वहिनींनी दाताने दोरा तोडला. 'मैतर व्हते ह्यांचे,' त्या म्हणाल्या. 'लई जवळचे.'

मग मी टेप घेतली आणि त्याचं माप घ्यायला उठलो.